मिरकरवाड्याचे ब्रीफ

2025 च्या जानेवारीत रत्नागिरीच्या मिरकरवाडा मासेमारी बंदरातली शेकडो अनधिकृत बांधकामे पाडली गेली. जाळी ठेवायच्या खोल्या, शेड, टपऱ्या, सगळे भुईसपाट झाले. त्यानंतर काही महिन्यांनी मी वास्तुकलेच्या पदव्युत्तर परीक्षेला बाहेरचा परीक्षक म्हणून बसलो, तेव्हा याच बंदरावरचा एक थीसिस समोर आला. पहिल्याच शीटवर जागेचे वर्णन होते, ‘मोकळा भूखंड’. मी त्या मुलाला विचारले, “इथे आधी काय होते?” त्याच्याकडे उपग्रहाचे छायाचित्र होते, वाऱ्याची दिशा होती, क्षेत्रफळांचा तक्ता होता. या प्रश्नाचे उत्तर मात्र नव्हते. मुलगा हुशार होता, ड्रॉइंग देखणे होते. मला राग आला तो त्याला बंदरावर न पाठवता हा तक्ता मंजूर करणाऱ्यांचा.

पूर्वी असे चालत नसे, निदान एका दशकात तरी चालत नव्हते.

ऐंशीच्या दशकाबद्दल फार सांगण्यासारखे नाही. थीसिसचे विषय मुंबईचेच असत. रत्नागिरी आलीच तर थिबा राजवाड्यापुरती. त्याचे हेरिटेज हॉटेल करायचे, हा विषय तेव्हापासून टिकून आहे आणि मला तो कधीच पटलेला नाही. 1885 मध्ये राज्य गेलेल्या ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी रत्नागिरीत आणून ठेवले, हा वाडा 1910 मध्ये बांधून झाला आणि 1916 मध्ये राजा इथेच वारला. त्या घरातून भाड्याच्या किती खोल्या निघतील, या हिशेबाने जे ब्रीफ, म्हणजे कशाला किती जागा हवी याची मांडणी, सुरू होते, ते त्या वास्तूला दुसरे काहीच विचारत नाही.

नव्वदच्या दशकात कोकण हलले. 1991 च्या फेब्रुवारीत सीआरझेडची, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राची, अधिसूचना निघाली आणि भरतीरेषेपासून 500 मीटरच्या पट्ट्यात काय बांधता येईल याला बंधने आली. तिकडे डोंगर पोखरत कोकण रेल्वे पुढे सरकत होती. 26 जानेवारी 1998 ला ती पूर्ण मार्गावर सुरू झाली. मी त्याच सुमारास एम.आर्क. करत होतो. आपल्या गावावर काम करावे, असे वाटणारे आम्ही काही जण होतो आणि आम्हाला गाइड मिळाल्या त्या एक बाई. त्यांचा एकच दंडक होता. जागा पावसात पाहिल्याशिवाय क्षेत्रफळाचा एक आकडाही लिहायचा नाही.

मी मिरकरवाडा घेतला होता. बाईंनी पहिले काम दिले ते सीआरझेडवरूनच. पाण्याला लागून असल्यावाचून ज्याचे चालणारच नाही, असे या बंदरात काय काय आहे? उत्तर पुस्तकात नव्हते, धक्क्यावर होते. लाँच लागली की मासळीला बर्फ लगेच भेटला पाहिजे, म्हणून बर्फाची वाट आणि टोपल्यांची वाट एकमेकींना अडवता कामा नये. लिलाव बघता बघता उरकतो, पण माणसे गोल करून उभी राहतात, तेवढी जागा छपराखाली हवी आणि फरशीला उतार हवा, नाहीतर रक्तपाणी तिथेच साचते. मासळी विकायला बसणाऱ्या बायांनी सांगितले, न खपलेला माल ठेवायला जागा नाही आणि संडास तर नाहीच. आम्ही वापरायचो त्या जाडजूड हँडबुकांत मासळीबाजाराच्या ओट्यांची मापे होती, ही बाई दिवसभर कुठे जाते ते नव्हते. नेपाळ-कर्नाटकातून आलेले खलाशी होडीवरच झोपत. ऑफिस, गोदाम, राहती घरे हे सगळे मागे सरकवता येत होते. लिलाव, बर्फ आणि होड्या ओढायचा उतार मात्र पाण्याजवळच हवा होता.

मग पाऊस लागला. पावसाळी बंदीमुळे मासेमारी थांबली, होड्या वर ओढून शाकारल्या गेल्या, जाळी पसरून तुणायला माणसे बसली. हंगामात जिथे टेम्पो लागत, तिथे आता होड्या होत्या. बाईंनी तक्त्यात दोन रकाने करायला लावले, एक हंगामाचा, दुसरा बंदीचा. एकाच चौरस मीटरला दोन कामे. त्या दुसऱ्या रकान्याने माझा सगळा आराखडा ठरवला. ब्रीफ लिहिण्यात अख्खे सत्र गेले, ते वाया गेले असे कुणी म्हणाले नाही.

एक ज्युरी मात्र म्हणाले, “हे समाजकार्य झाले, यात वास्तुकला कुठे आहे?” आणि गुण कापले. त्यांना इतक्या वर्षांनी उत्तर देतो. फरशीचा उतार ही वास्तुकला आहे. संडास लिलावापासून किती पावलांवर असावा, हीही वास्तुकलाच आहे. दर्शनी भाग तुम्ही नंतर बघू शकला असता.

पुढची वर्षे मी भराभर ओलांडतो. अमोनियाचे प्रिंट गेले, कॉम्प्युटर आला, 2005 पासून गुगल अर्थवर बसल्या जागी गाव दिसू लागले. शीट चकचकीत झाल्या, विषय रिसॉर्टचे झाले.

2022 मध्ये कोकणातली कातळशिल्पे युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली आणि सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या, माहिती केंद्रांचे थीसिस येऊ लागले. बहुतेकांनी सडा पाहिलेला असतो तो मे महिन्यात, करपलेला. पावसाळ्यात त्याच कातळावर पाणी साचते, फुले येतात, गुरे चरतात, खालच्या वाडीचे झरे त्या पाण्यावर वाहतात. तिथे पाया खणायचा तर कातळच फोडावा लागेल आणि चित्रे तर कातळातच आहेत. बांधायचे ते सड्याखाली वाडीत बांधा किंवा बांधूच नका. असे लिहिणारे ब्रीफ मला अजून भेटलेले नाही.

ही नुसती कॉलेजची बाब नाही. हीच मुले उद्या सल्लागार कंपन्यांत बसून बंदराचे आणि बाजाराचे अहवाल लिहिणार आहेत. थीसिसमध्ये जिची जागा मोजली नाही, ती बाई त्या अहवालातही नसेल आणि मग बुलडोझर आला की तिच्याकडे दाखवायला कागद नसेल.

शिकवणाऱ्यांना माझी विनंती आहे. नव्या तुकडीचे विषय ठरतात ते दिवस बंदीचेच असतात. ज्याला मिरकरवाडा घ्यायचा असेल, त्याला तेव्हाच पाठवा आणि हंगाम सुरू झाला की पुन्हा पाठवा. 2025 मध्ये ही बंदी 1 जून ते 31 जुलै अशी होती.