मुंबईची झाडे : सावलीचा इतिहास

दरवर्षी ६ डिसेंबरला आपल्या जव्हार-मोखाडा परिसरातून अनेक कुटुंबे चैत्यभूमीवर अभिवादनासाठी जातात. आम्हीही तरुणपणापासून जात आलो आहोत. शिवाजी पार्कच्या कट्ट्याला लागून उभ्या असलेल्या विस्तीर्ण झाडांखाली चादर अंथरून आम्ही कित्येक रात्री काढल्या. त्या झाडांच्या फांद्या रस्ता ओलांडून पलीकडच्या इमारतींपर्यंत पोहोचलेल्या. काही वर्षांपूर्वी आमच्याबरोबर आलेल्या एका विद्यार्थ्याने वर पाहत विचारले, "सर, हे झाड आपल्या रानात नाही. हे कुठलं?"

आम्हाला उत्तर देता आले नाही. इतिहासाचे शिक्षक म्हणून आयुष्य गेले, त्या झाडाखाली अनेकदा झोपलो, पण त्याचे नाव-गाव कधी विचारले नाही, याची त्या रात्री लाज वाटली. वनस्पतिशास्त्र हा आमचा विषय नव्हे. परंतु झाड कोठून आले, ते कोणी लावले, त्याच्या सावलीत कोण बसले आणि त्यासाठी कोणाला किंमत मोजावी लागली, हे प्रश्न इतिहासाचेच आहेत. या स्मरणिकेच्या निमित्ताने ते उत्तर थोडे उशिरा का होईना, देण्याचा प्रयत्न करतो.

ठिकाणांच्या नावांत उरलेली झाडे

मुंबई मुळात सात बेटांची. बेटांच्या मधल्या खाड्यांत तिवरांचे कांदळवन, किनाऱ्याला नारळ आणि ताड, आत आंबा, फणस, चिंच, वड, उंबर. ते रान गेले, पण नावे राहिली. वडाळ्यात वड आहे, चिंचपोकळीत चिंच, ताडदेवमध्ये ताड, फणसवाडीत फणस, उमरखाडीत उंबर, बोरिवलीत बोर आणि बाबुलनाथात बाभूळ. परळ हे नाव परळ किंवा पाडळ नावाच्या वृक्षावरून आले, असे काही अभ्यासक मानतात. अशा सर्वच व्युत्पत्ती निर्विवाद नसतात. भेंडीबाजाराचे नाव भेंडीच्या झाडांवरून पडले असे कोणी सांगतात, तर तो इंग्रजी शब्दांचा अपभ्रंश आहे असे दुसरे म्हणतात. तरीही एवढ्या नावांचा एकत्रित अर्थ एकच निघतो. येथील पहिले रहिवासी वाट सांगताना झाडाची खूण सांगत असत. आपल्या पाड्यांची नावे आठवा, म्हणजे ही पद्धत परकी वाटणार नाही.

एका वडाची गोष्ट तर प्रसिद्धच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास टाउन हॉलसमोरच्या मोकळ्या जागेत वडाखाली काही दलाल जमून समभागांची खरेदी-विक्री करीत. त्यांची संघटना १८७५ मध्ये स्थापन झाली आणि तिचाच पुढे मुंबई शेअर बाजार झाला. देशाच्या भांडवलाचा पहिला बाजार झाडाखाली भरला, हे आपण ध्यानात ठेवावे.

सोपारा आणि कान्हेरी

झाडे लावणे हे राज्यकर्त्याचे कर्तव्य आहे, हा विचार मात्र इंग्रजांनी आणलेला नाही. आपल्याच पालघर जिल्ह्यातील सोपारा येथे १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील स्तूपाचे उत्खनन केले आणि त्याच काळात सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा तेथे उजेडात आला. अशोकाच्या गिरनार आणि इतर ठिकाणच्या लेखांत माणसांसाठी व जनावरांसाठी औषधी वनस्पती लावल्याचा, वाटांवर विहिरी खणल्याचा आणि झाडे लावल्याचा उल्लेख येतो. एका स्तंभलेखात रस्त्याकडेला वड लावल्याचे आणि आमराया उभारल्याचे स्पष्ट सांगितले आहे. या लेखांत सावली येणाऱ्या-जाणाऱ्या सर्वांसाठी आहे. तीत माणूस आहे आणि पशूही आहे.

मुंबईतच कान्हेरीची लेणी आहेत. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमारास सुरू झालेल्या आणि अनेक शतके नांदत्या राहिलेल्या या विहारांत भिक्खूंनी पावसाचे पाणी साठवण्यासाठी खडकात टाकी खोदली. आज लेण्यांभोवती संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे सुमारे १०३ चौरस किलोमीटर जंगल आहे. एवढ्या मोठ्या शहरात हे जंगल टिकले कसे? त्याचे एक मोठे कारण पाणी होय. १८६० मध्ये विहार तलावाचे आणि १८७९ मध्ये तुळशी तलावाचे काम पूर्ण झाले. तलावात स्वच्छ पाणी यावे म्हणून भोवतालचे डोंगर राखणे भाग पडले. शहराने जंगल वाचवले त्याहून अधिक जंगलाने शहराची तहान भागवली. तेथे आजही साग, ऐन, कळंब, पळस, काटेसावर ही आपल्या ओळखीची मंडळी भेटतात.

समुद्रापलीकडून आलेले वृक्ष

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे येऊ. शिवाजी पार्कचे ते झाड म्हणजे पर्जन्यवृक्ष. मुंबईकर त्याला 'रेन ट्री' म्हणतात, कोणी विलायती शिरीषही म्हणतात. तो मध्य व दक्षिण अमेरिकेतला. संध्याकाळ झाली किंवा आभाळ दाटून आले की त्याची पाने मिटतात आणि पावसाचे पाणी थेट जमिनीवर पडते. त्याची छत्री झपाट्याने आणि रुंद वाढते, म्हणून रस्त्यांच्या दुतर्फा तो लावला गेला.

मे महिन्यात लालभडक फुलणारा गुलमोहर मादागास्कर बेटावरचा. पिवळ्या फुलांचा सडा घालणारा सोनमोहर श्रीलंका व आग्नेय आशियातला. बुंधा पोटासारखा फुगलेली गोरखचिंच आफ्रिकेतली. पूर्वीच्या सागरी व्यापाराबरोबर ती पश्चिम किनाऱ्यावर आली असावी. पोर्तुगीजांच्या काळात अमेरिका खंडातून काजू, पेरू, पपई आली. आपण विहारात वाहतो तो पांढरा चाफाही मूळचा तिकडचाच. देशी-परदेशी असा निवाडा करताना म्हणूनच घाई करू नये. काजूला आज जव्हारमध्ये परका कोण म्हणेल? झाडाला मूळ कोठले हे विचारावे, ते केवळ ज्ञानासाठी. त्याला येथून घालवण्यासाठी नव्हे. मात्र एक भेद खरा आहे. आपले पक्षी, कीटक आणि माणसे ज्या झाडांवर पोट भरतात, ती बहुधा येथली जुनी झाडे असतात. उंबराच्या एका झाडावर जेवढी पाखरे जेवतात, तेवढी गुलमोहरावर जेवत नाहीत.

या देशोदेशींच्या वृक्षांचा मोठा संग्रह भायखळ्याच्या राणीच्या बागेत आहे. १८६२ मध्ये ही बाग खुली झाली. आज तिचे नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. म्यानमारची उर्वशी, दक्षिण अमेरिकेतला कैलासपती आणि आफ्रिकेतली गोरखचिंच तेथे एकाच आवारात उभी आहेत. शैक्षणिक सहलीत बहुतेक शाळा तेथे प्राणी पाहायला जातात. आम्ही गेलो तेव्हा आमच्या मुलांनी पाटी न वाचता करंज, बेहडा, शिवण, पांगारा ओळखले. बाजूने जाणारे एक गृहस्थ थांबून त्यांना नावे विचारू लागले. शहरात जे ज्ञान पाटीवर लिहावे लागते, ते आपल्या मुलांच्या जिभेवर आहे. त्या ज्ञानाला परीक्षेत गुण नाहीत, एवढ्यानेच ते कमी ठरत नाही.

शहराचे हिरवेपण आणि आपले रान

येथे एक कटू हिशेब मांडणे आवश्यक आहे. ज्या काळात मुंबईत बागा आणि रस्त्यांकडेची झाडे लावली जात होती, त्याच काळात त्या शहराचे इमारती लाकूड, सरपण आणि कोळसा ठाणे जिल्ह्याच्या जंगलांतून खाड्यांच्या व नंतर रेल्वेच्या वाटेने जात होता. १८७८ च्या वन कायद्याने जंगले सरकारी ताब्यात अधिक घट्ट आवळली गेली. राब जाळायला पाला-फांद्या तोडणारा शेतकरी आणि सरपण गोळा करणारा आदिवासी आपल्याच रानात गुन्हेगार ठरला. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील तक्रारी इतक्या वाढल्या की १८८५ मध्ये सरकारला चौकशीसाठी वन आयोग नेमावा लागला. १८९२ च्या कायद्याने तर याच दोन जिल्ह्यांत मोहाची फुले परवान्याशिवाय बाळगण्यावर निर्बंध आला, कारण अबकारीचे उत्पन्न बुडत होते. जव्हार हे तेव्हा मुकणे घराण्याचे संस्थान होते. त्याच्याही उत्पन्नात जंगलाचा वाटा मोठा होता. शहरात शोभेचे फूल लावणारे राज्य आपल्याकडे अन्नाच्या फुलावर पहारा बसवत होते.

तो हिशेब अजून मिटलेला नाही. मुंबईचे पाणी आजही आपल्या बाजूने जाते. १८९२ मध्ये तानसा, १९५७ मध्ये मोडकसागर, पुढे अप्पर वैतरणा, भातसा आणि २०१४ मध्ये मोखाडा तालुक्यातील कोचाळे गावाजवळचे मध्य वैतरणा. प्रत्येक धरणाखाली रान बुडाले. राणीच्या बागेतल्या झाडाला मिळणाऱ्या पाण्यात आपल्या डोंगरांचा वाटा आहे, आणि उन्हाळ्यात आपल्याच पाड्यांतल्या बाया डोक्यावर हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात.

बागेत वाचणारा विद्यार्थी

मग शहरातल्या झाडांचे आपण कौतुक का करावे? त्याचे उत्तर आम्हाला बाबासाहेबांच्या चरित्रात सापडले. विसाव्या शतकाच्या आरंभी भीमराव परळच्या डबक चाळीत एका खोलीत वडिलांसह राहत आणि एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकत. त्या खोलीत अभ्यासाला जागा कोठून असणार? शाळा सुटल्यावर चर्नी रोडच्या बागेत जाऊन ते वाचत बसत. त्याच बागेत येणारे शिक्षक कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांचे लक्ष या मुलाकडे गेले. त्यांनी चौकशी केली, पुस्तके दिली. १९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले, तेव्हा सत्काराच्या सभेत केळुसकर गुरुजींनी त्यांना आपण लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र भेट दिले. पुढचा इतिहास आपण जाणतोच.

ती बाग काही चाळीतल्या मुलासाठी उभारलेली नव्हती. परंतु ती सार्वजनिक होती, म्हणून तेथे बसता आले. आमच्या वडिलांच्या गावी पिंपळाला पार होता, पण त्या पारावर बसण्याची आमच्या लोकांना मुभा नव्हती. झाड तेच, सावली तीच, फरक फक्त हक्काचा होता. पाणवठ्यासारखीच सावलीही सार्वजनिक संपत्ती आहे, आणि ती कोणाला मिळते यावरून समाजाची पारख होते. आज मुंबईत पुष्कळ झाडे वसाहतींच्या कुंपणाआड गेली आहेत. भाजी विकणारी बाई, हमाल आणि बांधकामावर गेलेली आपली माणसे मात्र रस्त्याकडेच्या झाडाखालीच भाकरी सोडतात. म्हणून रस्त्यावरचे झाड तुटले की पहिली सावली गरिबाची जाते.

आजची स्थिती

महाराष्ट्रात नागरी क्षेत्रातील झाडांच्या संरक्षणासाठी १९७५ चा कायदा आहे. त्यानुसार झाड तोडण्यास वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते आणि ठरावीक काळाने वृक्षगणनाही करावी लागते. २०१८ च्या सुमारास पूर्ण झालेल्या गणनेत मुंबईत सुमारे २९ लाख ७५ हजार झाडे नोंदली गेली. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे व त्याहून अधिक वयाच्या झाडांना वारसावृक्ष मानले आहे. तरीही ऑक्टोबर २०१९ मध्ये आरे वसाहतीत मेट्रोच्या कारशेडसाठी दोन हजारांहून अधिक झाडे दोन दिवसांत पाडली गेली आणि सर्वोच्च न्यायालयाने पुढील तोड थांबवली. तेथील पाड्यांत राहणारे वारली बांधव आपलेच सोयरे आहेत. मेट्रो गरिबालाही हवी, हे आम्ही नाकारत नाही. पण निर्णय घेण्याआधी त्या झाडांखाली राहणाऱ्यांना विचारावे, एवढे मागणे रास्त आहे.

कुऱ्हाडीवाचूनही झाडे मरतात. बुंध्यापर्यंत काँक्रीट ओतले की मुळांना हवा-पाणी मिळत नाही. खोदकामात मुळे तुटतात आणि पहिल्या वादळी पावसात झाड कोसळते. कीड लागून मुंबईतले पुष्कळ पर्जन्यवृक्ष वाळले. आपल्या जव्हार-मोखाड्यातही रस्ते आणि बांधकामे वाढत आहेत. बुंध्याभोवती हातभर माती मोकळी ठेवणे अजून आपल्या हाती आहे.

सहलीहून परतल्यावर आमच्या विद्यार्थ्यांनी शाळेच्या आवारातील आणि वाटेवरील झाडांची नोंदवही सुरू केली. झाडाचे घरात बोलले जाणारे नाव, पुस्तकातले नाव, त्याचा उपयोग, माहिती सांगणाऱ्या वडीलधाऱ्याचे नाव आणि झाड कोणी लावले, असे पाच रकाने आहेत. शिवाजी पार्कच्या पर्जन्यवृक्षाची नोंदही शेवटच्या पानावर आहे. प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थ्यानेच ती केली. वसतिगृहामागच्या उंबरापुढे 'कोणी लावले' हा रकाना बरेच दिवस रिकामा होता. परवा पाहिले, तर कोणा मुलीने तेथे लिहिले आहे : पाखरांनी. ती नोंद आम्ही तशीच ठेवली आहे.