सगळे सोलर दक्षिणेकडेच का बघतात?

कोल्हापुरात एखाद्या उंच इमारतीच्या गच्चीवर चढा आणि आजूबाजूला नजर टाका. पाण्याच्या टाक्या कशाही, कुठंही ठेवलेल्या दिसतील. पाणी तापवणारे सोलर मात्र बहुतेक सगळे दक्षिणेकडे तोंड करून बसलेले! असं का बरं?

याचं उत्तर अंबाबाईच्या देवळात सापडतं. तिथला किरणोत्सव तुम्हाला ठाऊक असेलच. नोव्हेंबरमध्ये आणि पुन्हा जानेवारी-फेब्रुवारीच्या सांध्यावर मावळतीची किरणं महाद्वारातून आत शिरून थेट देवीपर्यंत पोचतात. एरवी का नाही पोचत? कारण सूर्य रोज एकाच जागी मावळत नाही. हिवाळ्यात तो दक्षिणेकडे सरकतो, उन्हाळ्यात उत्तरेकडे. मे महिन्यात एके दिवशी तो कोल्हापूरच्या बरोबर डोक्यावर येतो, तर डिसेंबरअखेरीस भरदुपारीसुद्धा दक्षिणेला 40 अंश कललेला असतो. आणि कढत पाणी हवं कधी? थंडीतच की! म्हणून सोलर दक्षिणेकडे तोंड करून तिरका बसवतात.

आता त्याच्या काचेच्या नळ्या बघा. प्रत्येक नळी म्हणजे एकात एक घातलेल्या दोन नळ्या, मधली हवा काढून टाकलेली. आतल्या नळीवरचा काळपट लेप ऊन शोषून घेतो आणि मध्ये हवाच नसल्यामुळं उष्णता सहजासहजी बाहेर पडत नाही. चहाचा थर्मास याच युक्तीवर चालतो. म्हणून आत पाणी चटका बसेल इतकं तापलं, तरी बाहेरची काच फारशी तापत नाही.

खरी गंमत तर पुढंच आहे. टाकी वर, नळ्या खाली आणि पंप कुठंच नाही! मग पाणी वर चढतं कसं? पाणी तापलं की प्रसरण पावतं, हलकं होतं आणि आपलं आपण टाकीत जातं. टाकीतलं गार, जड पाणी त्याच नळीतून खाली उतरतं. ऊन असेपर्यंत ही ये-जा चालूच. टाकीभोवती फोमचं जाड अस्तर असतं, त्यामुळं पहाटेही पाणी गरम मिळतं.

हेच काम विजेवर करायचं तर 100 लिटर पाणी 20 अंशांवरून 60 अंशांवर न्यायला साडेचार युनिटांहून जास्त वीज लागते. बंब पेटवायचा तर लाकडं आणा, फुंकणी मारा, धूर सोसा! अर्थात, आपल्या धो-धो पावसाळ्यात सोलरही हात टेकतो.

थंडीतल्या एखाद्या रविवारी दुपारी साडेबाराच्या सुमारास गच्चीवर काठी सरळ उभी धरा. सावली पडेल ती उत्तर, तिच्या उलटी दक्षिण. तुमचा सोलर तिकडंच बघतोय ना? नळ्यांवर धूळ साठली असेल, तर घरातल्या मोठ्यांना लगेच सांगा!