माहिती आणि समजूत

दिवाणी दाव्याचा शेवटचा परिच्छेद, म्हणजे सत्यापन, सहसा कोणी लक्ष देऊन वाचत नाही. ‘वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे व समजुतीप्रमाणे खरा व बरोबर आहे’ एवढं वाक्य, खाली ठिकाण, तारीख, आणि सही किंवा अंगठा. दिवाणी प्रक्रिया संहिता, 1908 मधील आदेश 6, नियम 15 मात्र यापेक्षा बरंच अधिक मागतो. कोणते परिच्छेद वादीच्या स्वतःच्या माहितीतले आणि कोणते दुसऱ्याकडून कळलेले, हे परिच्छेदांचे आकडे देऊन सांगावं लागतं. 1 जुलै 2002 पासून सोबत प्रतिज्ञापत्रही लागतं. माझ्या मते अक्कलकुवा तालुक्यातल्या मोलगीसारख्या भागातल्या पक्षकारासाठी ही विभागणी सर्वांत मोलाची आहे, आणि ती नीट होणं तिथेच सर्वांत कठीण आहे.

सातपुड्याच्या या पट्ट्यात घरी बोलतात ती भिलीची एखादी बोली. दावा लिहिला जातो तो कचेरीच्या मराठीत. बांधाचा साधा वाद घ्या. शेजाऱ्याने बांध कोरला, हे वादीने डोळ्यांनी पाहिलेलं असतं. ही जमीन आजोबांच्या वाटणीत आपल्याकडे आली, हे थोरल्यांकडून ऐकलेलं. सातबाऱ्यावर काय लिहिलंय, हे तलाठ्याने सांगितलेलं. तिन्ही गोष्टी त्या एकाच ठरावीक वाक्याखाली जातात आणि त्यावर अंगठा उमटतो. पुढे उलटतपासणीत ‘वाटणी झाली तेव्हा तुम्ही होता का?’ असं विचारलं की तो माणूस सरळ ‘नाही’ म्हणतो. खरं बोलूनच तो स्वतःच्या शपथेविरुद्ध जातो! भारतीय न्याय संहितेच्या कलम 227 च्या स्पष्टीकरणाप्रमाणे, जे माहीत नाही ते माहीत आहे असं शपथेवर सांगणं हाही खोटा पुरावाच. न्यायालयीन कामात जाणूनबुजून तसा पुरावा दिल्यास कलम 229 खाली 7 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

यावर वकील मंडळी म्हणतील की सत्यापनातली चूक दुरुस्त करता येते, तेवढ्यावरून दावा बुडत नाही. हे खरं आहे. दाव्यासोबतचं प्रतिज्ञापत्र हा सुनावणीतला पुरावा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2005 साली सेलम बार असोसिएशनच्या निकालात सांगितलं आहे. पण त्याच निकालात असंही म्हटलं आहे की या प्रतिज्ञापत्रामुळे ते करणाऱ्यावर जादा जबाबदारी येते. जो मजकूर समजलाच नाही, त्याची जबाबदारी अंगठ्यावर कशी टाकायची? 1952 साली मुंबई राज्याच्या स्थानबद्धतेच्या एका प्रकरणात याच न्यायालयाने गृहखात्याच्या सचिवांच्या प्रतिज्ञापत्रातलं ढिसाळ सत्यापन सदोष ठरवलं होतं. स्वतःला काय ठाऊक आणि ऐकीव काय, ऐकीव असेल तर ते कुठून कळलं, हे सांगा, असं बजावलं होतं. सचिवांना जो काटेकोरपणा लागू, तो शेतकऱ्याच्या कागदात त्याच्यासाठी कोणी तरी करून द्यायला हवा, कारण त्याला तो कागद वाचता येत नाही.

वेळ जातो, दुभाषी आणायचा कुठून, ही अडचण खरी आहे. पण बोली जाणणारा माणूस पक्षकारासोबत बहुतेक वेळा असतोच. वकिलांना विनंती एवढीच: अंगठा घेण्याआधी दावा त्याच्या बोलीत वाचून दाखवा, पाहिलेलं आणि ऐकलेलं वेगळं लिहा, आणि ज्याने समजावून सांगितलं त्याचं नाव व सही खाली घ्या.