तिसऱ्या पिनेचें महत्त्व

चैत्र सरतां सरतां नागपूरच्या इतवारींत, सराफी व किराण्याच्या दुकानांमागील गल्ल्यांतून, कूलर माळ्यावरून खालीं उतरूं लागतात. येथील उन्हाळा ४५ अंशांपलीकडे जाणारा. त्यामुळें कूलर ही चैन नसून घरांतील गरज होय. जुन्या पेटीच्या वाळ्याच्या ताट्या बदलल्या जातात, टाकीचा गंज खरवडला जातो, पंप चालतो कीं नाहीं तें पाहिलें जातें. परंतु ज्या एका वस्तूवर घरांतील माणसांचे प्राण अवलंबून असतात, ती प्लगाची तिसरी पिन मात्र बहुधा कोणीच पाहत नाहीं. कूलरच्या धक्क्यानें मनुष्य दगावल्याच्या वार्ता विदर्भांतील वृत्तपत्रांत प्रत्येक उन्हाळ्यांत येतात. आणि त्यांपैकीं पुष्कळ प्रसंगीं पाणी भरणारा हात घरांतील बाईचा अथवा लहान मुलाचा असतो.

ही तिसरी पिन काय करते? घरांत येणाऱ्या दोन तारांपैकीं एक 'फेज' व दुसरी 'न्यूट्रल'. पहिलींतून २३० व्होल्टच्या दाबानें वीज येते, उपकरणांत काम करते आणि दुसरींतून परत जाते. तिसरी तार उपकरणाच्या लोखंडी देहास जोडलेली असून तिचें दुसरें टोंक जमिनींत पुरलेल्या नळीपर्यंत गेलेलें असतें. हाच भूसंपर्क, व्यवहारांत त्याला 'अर्थिंग' म्हणतात. एरवीं ही तार रिकामीच असते. पण पंपाच्या तारेचें आवरण पाण्यांत राहून किंवा उंदरांनीं कुरतडून झिजलें आणि फेज पत्र्यास टेकली, म्हणजे तिचें काम सुरू होतें. त्या वेळीं पेटी दिसावयास तशीच असते. पंखा फिरतो, पाणी झिरपतें, हवा गार येते. फक्त पत्र्यावर २३० व्होल्टचा दाब येऊन बसलेला असतो. भूसंपर्क चांगला असेल, तर फेजमधील प्रवाह त्या वाटेनें एकदम जमिनींत धांव घेतो, फ्यूज उडतो आणि पेटी मृत होते. भूसंपर्क नसेल, तर ती पेटी पहिल्या स्पर्शाची वाट पाहत राहते.

प्लग घडविणाऱ्यांनीं हें जाणूनच तिसरी पिन इतर दोहोंपेक्षां लांब व जाड केलेली आहे. लांब असल्यामुळें प्लग घालतांना ती सर्वांच्या आधीं जोडली जाते व काढतांना सर्वांच्या शेवटीं सुटते. म्हणजे वीज येण्यापूर्वींच संरक्षण येतें आणि वीज गेल्यावरच संरक्षण जातें. जाड असल्यामुळें ती चुकूनही फेजच्या छिद्रांत शिरत नाहीं. असें असतां सॉकेट दोन छिद्रांचें आहे म्हणून ही पिन मोडून टाकणारे, किंवा प्लगच नाहीं म्हणून उघड्या तारा काड्यांच्या आधारें सॉकेटांत खोंचणारे लोक सुशिक्षित घरांतूनही आढळतात.

यावर पुष्कळांचें उत्तर असें कीं, "घरांत फ्यूज आहे, एम.सी.बी. आहे, मग भय कसलें?" हा समज मुळांतच चुकीचा आहे. फ्यूज तारांचें रक्षण करतो, माणसाचें नव्हे. ओल्या हातानें पत्र्यास स्पर्श करणाऱ्या, अनवाणी उभ्या असलेल्या मनुष्याच्या शरीराचा अवरोध सुमारें १००० ओहम धरला, तर त्याच्यांतून २३० मिलिअँपियर, म्हणजे एका अँपियरच्या चतुर्थांशाहूनही कमी प्रवाह वाहील. ६० वॅटचा जुना दिवा याहून अधिक प्रवाह घेतो. ६ अँपियरच्या फ्यूजला त्याचें कांहींच वाटत नाहीं. मनुष्याची गोष्ट निराळी. सुमारें १० ते १५ मिलिअँपियर प्रवाहानें स्नायू आंखडून धरलेली मूठ सुटेनाशी होते. ५० ते १०० मिलिअँपियर प्रवाह सेकंदभर छातींतून गेला, तर हृदयाची लय बिघडून मृत्यु ओढवूं शकतो. मनुष्य गतप्राण होतो आणि फ्यूज शाबूत राहतो.

तेव्हां भूसंपर्क हवा हें खरें. पण तो नांवाचा असून भागत नाहीं, आणि गणित केल्यास हें स्पष्ट होतें. बिघडलेल्या पेटीपासून अर्थच्या तारेनें जमिनींत व तेथून रोहित्रापर्यंतच्या वाटेचा एकंदर अवरोध २ ओहम असेल, तर ११५ अँपियर प्रवाह धांवेल व फ्यूज तत्क्षणीं उडेल. तोच अवरोध ५० ओहम झाला, तर प्रवाह अवघा ४.६ अँपियर भरतो. फ्यूज जागचा हलत नाहीं, आणि या अवरोधाचा मोठा वांटा घरच्या खड्ड्यांतच असल्यामुळें पेटीवर जवळजवळ सर्व दाब कायम राहतो. घरांत भूसंपर्क आहे, तिसरी पिनही आहे, आणि तरीही धोका पूर्ववत् आहे!

इतवारीसारख्या जुन्या वस्तींत हें सहज घडूं शकतें. भूसंपर्कासाठीं सुमारें अडीच मीटर लांबीची जस्तलेपित लोखंडी नळी जमिनींत उभी पुरून तिच्याभोंवतीं कोळसा व मीठ यांचे थर घालावयाचे असतात. वाड्याच्या चौकांत असा खड्डा एकदां केलेला असतो. पुढें चौकांत फरशी बसते, नळी गंजते, मीठ वाहून जातें, आणि खड्डा कोठें होता हेंही कोणास आठवत नाहीं. त्यांत निसर्गाचा एक विपरीत न्याय असा कीं, कोरडी माती विजेची वाईट वाहक आहे. ज्या वैशाखांत कूलर रात्रंदिवस चालतो, त्याच वैशाखांत जमीन सुकून भूसंपर्क सर्वांत दुबळा झालेला असतो. म्हणून खड्ड्यावर नरसाळें ठेवून उन्हाळ्यांत त्यांत नियमानें पाणी घालण्याची रीत आहे. तुळशीला पाणी घालणाऱ्या हातानें एक तांब्या तेथेंही ओतावा. वाड्यांतील सर्व बिऱ्हाडांचा भूसंपर्क एकच व तोही खराब असेल, तर एका बिऱ्हाडाच्या कूलरमधील दोष शेजाऱ्याच्या फ्रीजवर व गीझरवरही प्रकट होतो. म्हणून या खड्ड्याची काळजी ही एकट्या घरमालकाची बाब नव्हे.

कांहीं मिस्त्री खड्ड्याचा त्रास चुकविण्यासाठीं सॉकेटमध्येंच अर्थ व न्यूट्रल एका तुकड्यानें जोडून देतात. हा उपाय रोगाहून भयंकर होय. कारण वाटेंत कोठेंही न्यूट्रल तुटला कीं कोणताही बिघाड नसलेल्या उपकरणाचा पत्रा फेजच्या दाबावर येतो. अर्थची तार नळाच्या पाइपास बांधणेंही तसेंच घातक. पाइपाचा एक भाग प्लॅस्टिकचा असेल, तर वाट तेथेंच खुंटते आणि न्हाणीघरांतील मनुष्यास धक्का बसतो. कूलरची पेटी फायबरची आहे म्हणूनही निर्धास्त राहूं नये. पंप सदोष असेल तर टाकींतील पाणीच विजेनें भारलें जातें.

आजच्या काळीं या सर्वांवर एक उत्तम जोड उपलब्ध आहे, ती आर.सी.सी.बी. या उपकरणाची. फेजनें गेलेला व न्यूट्रलनें परतलेला प्रवाह सारखा आहे कीं नाहीं, याचा हिशेब तें अखंड ठेवतें. जमाखर्चांत ३० मिलिअँपियरची तूट दिसतांच सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आंत तें पुरवठा तोडतें. त्यावरील चांचणीचें बटण महिन्यांतून एकदां दाबून पाहावें; मात्र त्या बटणानें तें उपकरण तेवढें तपासलें जातें, भूसंपर्क नव्हे. भूसंपर्काचें मापन परवानाधारक वायरमनकडून, यंत्र लावून, उन्हाळ्यापूर्वीं करून घ्यावें.

बाकीचे नियम साधे आहेत व महावितरण कंपनीही ते वारंवार सांगत असते. कूलरमध्यें पाणी भरण्यापूर्वीं बटण बंद करून प्लगही काढावा. प्लग नेहमीं तीन पिनांचाच असावा, आणि त्यांतील हिरवी किंवा हिरवी-पिवळी तार मोठ्या पिनेलाच जोडलेली आहे हें पाहावें. ओल्या फरशीवर अनवाणी उभें राहून पेटीस हात लावूं नये. पत्र्यास किंचितही झिणझिणी आली, तर ती थट्टेवारी नेऊं नये. ती पहिली सूचना असते व दुसरी मिळेलच असें नाहीं. कोणास धक्का बसून तो चिकटून राहिला, तर त्याला हात न लावतां प्रथम मेन स्विच बंद करावा. श्वास थांबला असेल तर छातीवर दाब देण्यास लगेच आरंभ करून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

वाळ्याच्या नव्या ताट्यांचा सुगंध घरांत दरवळूं लागण्यापूर्वीं घरांतील कर्त्या मनुष्यानें एकदां प्लग हातांत घेऊन त्याच्या पिना मोजाव्या, आणि चौकांतील तो विसरलेला खड्डा कोठें आहे याची विचारपूस करावी.