साठ छर्रे आणि आमचा उजवा हात

यंत्रांची कंपनं मोजणं हा आमचा धंदा. अमेरिकेत एम. एस.ला तेच शिकलो आणि गेली बारा वर्षं रुसैलच्या औद्योगिक वसाहतीत तेच करतो. कुठला पंप किती थरथरतो आणि कुठल्या बेअरिंगमुळे, हे आम्ही लोकांना सांगतो. स्वतःच्या हाताचं कंपन मात्र आम्हाला पुतणीने दाखवलं.

त्याचं असं झालं. कारखान्यातला एक फिलिपिनो सहकारी जेवणाच्या सुटीत 'प्रॅक्टिकल' पिस्तूल शूटिंगच्या गोष्टी सांगायचा. धावत, वळत, आडोशाआडून नेम धरायचा आणि मिळालेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागायचं. या खेळाची आंतरराष्ट्रीय संघटना १९७६ साली अमेरिकेत, मिझुरी राज्यातल्या कोलंबिया गावी स्थापन झाली. फिलिपिन्समध्ये तो मोठ्या हौसेने खेळतात. ऐकून आमच्याही अंगात वारं शिरलं. सुटीवर पुण्याला गेल्यावर भावाच्या घरी विषय काढला, तर नववीतली पुतणी म्हणाली, "काका, पळायचं नंतर बघू. आधी एका जागी उभं राहून दाखव."

ती दहा मीटर एअर पिस्तूल खेळते. एक हात खिशात, दुसऱ्या हातात जवळजवळ किलोभर वजनाचं पिस्तूल, आणि सव्वा तासात साठ छर्रे. दहा गुणांचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. आम्ही पिस्तूल उचललं आणि त्याचं टोक डुलायला लागलं.

आमच्या वडिलांचा हात साठीच्या आतच थरथरायला लागला होता. बशीत चहा सांडायचा. पुढे पुढे ते पाहुण्यांसमोर चहाच घेईनासे झाले. आम्हाला तेव्हा चव्वेचाळिसावं चालू होतं. काही न बोलता पिस्तूल खाली ठेवलं, पण क्लबाचा फॉर्म मात्र भरला.

पिस्तूल मस्कतला आणायचा विचारच केला नाही, ते भावाच्या कपाटात राहिलं. रुसैलला सरावासाठी इस्त्री. रोज पहाटे ती हात लांब करून धरायची आणि भिंतीवरच्या ठिपक्याकडे बघत उभं राहायचं. सौ. म्हणाल्या, "धरलीच आहे तर दोन शर्टही करून टाका." सौ. कोल्हापूरच्या. २०१८च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलाचं सुवर्णपदक राही सरनोबतचं आणि २०२४ला पॅरिसमध्ये रायफलचं कांस्य स्वप्नील कुसाळेचं, दोघंही कोल्हापूरकडचे. माहेरची ही यादी आम्हाला वरचेवर ऐकवली जाते.

एका शुक्रवारी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. अख्खा हात आहे तसा समांतर पाच मिलिमीटर सरकला, तर छर्राही पाचच मिलिमीटर सरकतो. छर्र्याची कड रेषेला टेकली तरी वरचा गुण देतात, म्हणजे तरीही दहाच! पण मनगट जरासं मोडून पुढची साईट मागच्या खाचेत एकच मिलिमीटर हलली तर? दोन साईटमधलं अंतर ३३ सेंटिमीटर धरलं, तर दहा मीटरवर चूक तीस मिलिमीटरची. गुण थेट सात. क्लबातले कोच सांगत होते ते आता डोक्यात शिरलं: नजर पुढच्या साईटवर ठेवा, काळा गोल धूसरच दिसला पाहिजे. आम्ही इतके दिवस गोलाकडे टक लावून हाताला शिव्या देत होतो.

डिसेंबरच्या सुटीत पुण्यात एका स्थानिक मॅचला नाव दिलं. शेजारच्या लेनवर बारा वर्षांचा मुलगा. सुरुवातीच्या सरावाच्या पंधरा मिनिटांत आमचं झकास चाललं होतं. मग 'स्टार्ट' ऐकलं आणि छाती कानात वाजायला लागली. पहिला छर्रा सहा. दुसऱ्याला नजर साईटवरून सुटून सहाचं भोक शोधायला गेली, म्हणून सात. पहिल्या दहा छर्र्यांत ७८, पुढच्या दहांत ८१. सरावात आम्ही ८८च्या आसपास असायचो.

खरी गोची वेगळीच होती. पिस्तूल उचललं, सात-आठ सेकंद झाले, जमत नाहीय हे कळतंय, तरी बोट दाबायचंच. न मारता हात खाली आणायची लाज वाटत होती, जणू सगळे आपल्याकडेच बघताहेत. वास्तविक त्या मुलाला आमच्याकडे बघायला फुरसत नव्हती! त्याने तेवढ्यात तीनदा हात खाली आणला होता. मग आम्हीही आणला. पुढच्या एका छर्र्यासाठी तर चारदा. दंड भरून आला, पण साईट दिसायला लागली. ८६, ८८, ८५, ८९. चार मिनिटं शिल्लक असताना संपवलं. एकूण ५०७. त्या मुलाचे ५४१, पुतणीचे ५५२. आमचा नंबर शेवटून चौथा.

संध्याकाळी भावाकडे चहा आला. आम्ही कप मुद्दाम बशीसकट उचलला. थोडा सांडलाच. पुतणी लगेच म्हणाली, "काका, मनगट मोडलं तुझं."

उन्हाळ्याच्या सुटीतल्या मॅचला नाव दिलं आहे. मस्कतकर मंडळींपैकी कुणाला हा नाद लावून घ्यायचा असेल, तर शुक्रवारी सकाळी रुसैलला अवश्य यावं. येताना आपापली इस्त्री आणावी, आमच्याकडे एकच आहे.