वास बाथरूमचा, बोल कुणाला?

मैत्रिणींनो, दिवाळी जवळ आली किंवा घरात लग्नकार्य निघालं, की आपल्याकडे हमखास बाथरूम फोडायला काढतात. जुनी मोरी जाते, शहाबादी फरशी जाते, भिंतींवर छतापर्यंत टाईल्स चढतात. टाईल्सचा रंग कोणता, नळ कुठल्या कंपनीचा, कमोड जमिनीवरचा की भिंतीवरचा, यावर आठ-आठ दिवस चर्चा चालते. आणि भिंतीआडच्या पाईपांचं काय? ते ‘प्लंबर बघेल’ एवढ्यावरच संपतं. खरं तर डोकं खुपसायचंच असेल, तर ते तिथे खुपसायला हवं.

आमच्या गल्लीतल्या एका घराने वरचा मजला चढवला आणि सोबत खालचं बाथरूमही नवं केलं. दृष्ट लागेल असं झालं होतं. पण चार महिन्यांत वास यायला लागला. सकाळी सगळ्यांच्या आंघोळी चालू असताना तर नाक धरूनच आत जावं लागे. बोल कुणाला? अर्थातच सुनेला. ‘हिला संडास घासायला नको’ हे सासूबाईंचं वाक्य शेजारीपाजारीही ऐकू येई. ती बिचारी दिवसातून दोनदा फिनेल ओतायची, जाळीवर डांबराच्या गोळ्या टाकायची, वर तासभर उदबत्ती. शेवटी एक म्हातारा प्लंबर आला. त्याने बाथरूमकडे बघितलंसुद्धा नाही, सरळ गच्चीवर गेला. मजला चढवताना जुन्या हवेच्या पाईपाचं तोंड स्लॅबखाली गाडलं गेलं होतं! पाईप बाहेरून नव्याने वर नेला आणि वास थांबला. सासूबाई त्यावर काही बोलल्या नाहीत. सून मात्र फिनेलच्या रिकाम्या बाटल्या अजून मोजून दाखवते.

हा हवेचा पाईप (प्लंबर त्याला व्हेंट म्हणतात) करतो तरी काय? आधी ट्रॅप समजून घेऊ. कमोडच्या वाकड्या मानेत आणि नहाणीच्या जाळीखाली थोडं पाणी कायम साठलेलं असतं. साधारण दोन इंचांचा तो पाण्याचा पडदा गटारातली घाण हवा घरात येऊ देत नाही. १७७५ मध्ये अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीने लंडनमध्ये अशा वाकड्या नळीचं पेटंट घेतलं. आपली अख्खी संडास-बाथरूमची सोय आजही त्याच वाकड्या नळीतल्या पाण्यावर उभी आहे.

आता पंधरा किलोचा तेलाचा डबा आठवा. एकच भोक पाडलं की तेल गडगड करत, हिसके देत पडतं. समोरच्या कोपऱ्यात दुसरं भोक पाडलं की कशी सरळ धार लागते! पाईपांचंही तसंच. फ्लशचं पाणी जोरात खाली गेलं की मागे हवेची पोकळी होते. वरून हवा मिळाली तर ठीक. नाही मिळाली, तर ती पोकळी जवळच्या ट्रॅपमधलं पाणी ओढून घेते. पडदा गेला, की वासाला दार मोकळं! फ्लश केल्यावर नहाणीतून गुडगुड आवाज येतो, बुडबुडे येतात, कमोडमधलं पाणी हलतं, ही सगळी त्याचीच लक्षणं.

पण प्रत्येक वासाला हाच पाईप कारण नसतो हं. पाहुण्यांची खोली महिनाभर बंद होती आणि उघडल्यावर वास आला, तर ट्रॅपमधलं पाणी नुसतं वाळलेलं असतं. एक तांब्या पाणी ओता, काम झालं. ओतल्यानंतर दुसऱ्याच दिवशी, कुणीतरी फ्लश केल्यावर वास परत आला, तर मात्र हवेच्या पाईपाची चौकशी करा. आणि वास मारायला ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र ओतू नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

‘वासच तर आहे’ म्हणून सोडून देऊ नये, असं मी का म्हणते? २००३ मध्ये हाँगकाँगच्या एमॉय गार्डन्स या वसाहतीत सार्सच्या साथीत तीनशेहून जास्त रहिवासी आजारी पडले. नहाण्यांमधले ट्रॅप कोरडे पडले होते आणि एक्झॉस्ट फॅन त्यातून गटाराची हवा घरात ओढत होते, असं तपासात पुढे आलं. आपल्याकडेही बाथरूम नवं करताना एक्झॉस्ट फॅन बसवतातच. फॅन चांगला, पण आधी ट्रॅप भरलेला हवा. (गॅस गीझर असेल, तर त्याला लागणारी मोकळी हवा हा वेगळा विषय. तिथे जाळीची खिडकी हवीच, त्यात जिवाशी खेळ नको.)

मग काम सुरू होण्याआधी गवंड्याला काय विचारायचं? संडासाचा चार इंची पाईप वर गच्चीपर्यंत उघडा जातो का, हे पहिलं. नवं अटॅच बाथरूम जुन्या पाईपापासून लांब निघत असेल, तर त्याला वेगळी हवा कुठून मिळणार, हे दुसरं. हवेचा पाईप पावसाच्या पाण्याच्या पाईपाला जोडू देऊ नका. नाहीतर जिथे पावसाचं पाणी पडतं, तिथे वासही पडेल. सेप्टिक टँकचा पाईप निदान ५० मिलिमीटरचा हवा आणि टाकी घरापासून १५ मीटरच्या आत असेल, तर घराच्या माथ्यापेक्षा सुमारे २ मीटर उंच, असं भारतीय मानक सांगतं. आपल्या गावात घराला लागूनच टाकी असते, त्यामुळे उंची लागतेच. गच्चीवर आपण कुरडया वाळवतो, तिथे कमरेएवढा पाईप काय कामाचा? गावाकडच्या दोन शोषखड्ड्यांच्या संडासाला मात्र हा पाईप लागत नाही, तिथला वायू मातीत जिरतो.

मोठ्या शहरांत आता हवा फक्त आत घेणारी छोटी झडप मिळते. अडचणीच्या जागी ठीक आहे, पण ती वायू बाहेर सोडत नाही. म्हणून गच्चीवरचा पाईप काढून ती बसवा असं कुणी म्हणालं, तर सरळ नाही म्हणा.

पाईप टाकून झाले की टाईल्स बसायच्या आधी भिंतीला टेप लावून मोबाईलवर फोटो काढून ठेवा. पुढे टॉवेलचा दांडा ठोकताना ड्रिल नेमकं पाईपात जात नाही. आणि गच्चीवर पाईपाच्या तोंडाला जाळीची टोपी आहे ना, तेही बघा. त्यातून डास येतात, आणि उघड्या तोंडात पक्ष्यांनी काटक्या भरल्या, तर पाईप असून नसल्यासारखाच.