‘पुट अप विथ’ : एका क्रियापदाची घडण

इंग्रजी शिकताना विद्यार्थ्यांस फार अडविणारा भाग म्हणजे क्रियापदांस जोडून येणारी लहान अव्यये. ‘पुट’ म्हणजे ठेवणे, ‘अप’ म्हणजे वर, ‘विथ’ म्हणजे सह. आणि ‘पुट अप विथ’ म्हणजे मात्र सोसणे! तिन्ही शब्द ओळखीचे, अर्थ अनोळखी. ‘पाठ करा’ एवढे सांगून आपण पुढे जातो. वस्तुतः या अर्थामागे एक चित्र आहे. ते दाखविले, तर घोकंपट्टीचे कारण उरत नाही.

येथील ‘अप’ दिशा दाखवीत नाही. वस्तू आवरून जागच्या जागी ठेवणे, हा त्याचा भाव आहे. ‘पुट अप’चा एक जुना अर्थ तलवार म्यान करणे असा होता. शेक्सपिअरच्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’च्या पहिल्याच प्रवेशात बेन्व्होलिओ भांडणाऱ्या नोकरांस याच शब्दांनी तलवारी म्यान करावयास सांगतो; १६११ च्या इंग्रजी बायबलात येशूही पीटरला याच शब्दांत आज्ञा करतो. वस्तू पिशवीत घालणे हाही अर्थ जुनाच. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात अपमानाविषयीही असेच बोलू लागले : सूड न घेता तो जणू आवरून आत ठेवला. ‘ऑथेल्लो’त रॉडरिगो, झाले ते मुकाट्याने गिळणार नाही असे बजावतो, तेव्हा नुसते ‘पुट अप’ येते. ‘विथ’ जोडलेले रूप अठराव्या शतकात रूढ झाले आणि अपमानाबरोबर इतर उपद्रवांसही लागू पडले.

आपणही अपमान गिळतो, अपराध पोटात घालतो. इंग्रजांचे म्यान, आपले पोट, कल्पना जवळचीच. तथापि एक भेद ध्यानी ठेवावा. पोटात घालण्यात वडीलकीची क्षमा आहे. ‘पुट अप विथ’मध्ये क्षमा नाही, केवळ प्रतिकार आवरलेला आहे. तक्रार मनात शिल्लक असते. म्हणूनच पुत्रशोकास हे क्रियापद शोभत नाही. तेथे ‘बेअर’च हवे. शेजाऱ्याचा गोंगाट, वरिष्ठाचा तिरसटपणा, गळके छप्पर यांस ते शोभते. मराठीत माणसाच्या वागण्याविषयी ‘खपवून घेणे’ आणि वस्तूच्या गैरसोयीविषयी ‘चालवून घेणे’ हे त्याचे खरे प्रतिशब्द होत. ‘सहन करणे’ फार व्यापक ठरते.

एवढे सांगावयास वर्गातील पाच मिनिटे पुरतात. त्यानंतर विद्यार्थी शब्दाचा अर्थ तर जाणतोच, पण तो कोठे वापरू नये हेही जाणतो.